तेरा वर्षांचा संगणक मंदावला आहे : सफाई करावी, फॉरमॅट मारावा की डिस्क बदलावी?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी सांगलीचा निवृत्त माध्यमिक शिक्षक असून माझ्याकडे २०१२ साली दुकानातून जोडून घेतलेला संगणक आहे. त्यात इंटेल कोअर आय३-२१२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. घेतला तेव्हा त्यावर विंडोज ७ होते आणि २०१६ साली, मोफत मिळण्याची मुदत संपण्यापूर्वी, भाच्याने त्याचे विंडोज १० करून दिले. ‘प्रणालीचा प्रकार’ या ठिकाणी ३२-बिट असे लिहिलेले दिसते.

गेल्या वर्षभरात हा संगणक इतका मंदावला आहे की बटण दाबल्यावर चहा ठेवून, पिऊन आणि कप विसळून परत आलो तरी पडद्यावरचे वर्तुळ फिरतच असते. काल घड्याळ लावून पाहिले, तेव्हा पहिली फाइल उघडेपर्यंत अकरा मिनिटे गेली. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या रकान्यात सतत १०० टक्के दिसते, प्रोसेसर मात्र दहा-पंधरा टक्क्यांच्या पुढे जात नाही. मधूनच सगळे काही अर्धा मिनिट गोठते आणि मग आपोआप सुटते.

दुकानदार म्हणतात की फॉरमॅट मारून नवे विंडोज टाकले की संगणक नव्यासारखा पळेल, डी ड्राइव्हला ते हात लावणार नाहीत आणि संध्याकाळी संगणक परत मिळेल. मला धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकांचे २००४ पासूनचे सर्व मजकूर या संगणकावर आहेत. ते जुन्या, युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे सर्व यंत्रांवर सारखी चालणारी अक्षरपद्धती) मराठी फाँटमध्ये टंकलेले असून काही वर्डमध्ये, तर काही पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्राममध्ये आहेत. माझा रोजचा वापर म्हणजे टंकलेखन, ईमेल, बँकेचे व्यवहार आणि मुलीशी व्हिडिओवर बोलणे एवढाच आहे. नवा संगणक घेण्याची माझी तयारी नाही, तथापि थोडा खर्च करायला हरकत नाही. काय करावे?

जोडणीवाला

सर, सर्वप्रथम एक विनंती : संगणक दुकानात नेऊ नका आणि फॉरमॅट तर मुळीच मारू देऊ नका. डी ड्राइव्हला हात लावणार नाही, हे आश्वासन प्रामाणिक असले तरी पुरेसे नाही, कारण ‘डेस्कटॉप’, ‘डॉक्युमेंट्स’, ‘डाउनलोड्स’, ब्राउझरमधील खुणा आणि आपले फाँट हे सगळे सी ड्राइव्हमध्ये राहतात. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल डोळ्यांसमोर असते म्हणून ती सुरक्षित आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात फॉरमॅटमध्ये पहिली जाते ती तीच.

आता मंदपणाविषयी. प्रोसेसर पंधरा टक्के आणि डिस्क शंभर टक्के, या एका वाक्यात आपण निम्मे निदान स्वतःच केलेले आहे. आपला प्रोसेसर जुना असला तरी सांगितलेल्या कामांना आजही पुरतो. तो रिकामा बसून डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहतो आहे. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. वाचणारा दांडा योग्य रेषेवर नेण्याचा वेळ आणि हवा तो भाग दांड्याखाली फिरून येईपर्यंतचा वेळ मिळून एका तुकड्यामागे बारा-तेरा मिलिसेकंद जातात, त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर डिस्क सेकंदाला सत्तर-ऐंशीच तुकडे देऊ शकते. विंडोज १० सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे मागते आणि पाठोपाठ अद्ययावतीकरण, अँटिव्हायरस व शोधसूची ही मंडळीही त्याच रांगेत येऊन उभी राहतात. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारा भागच नसल्याने तोच आकडा हजारोंच्या घरात जातो. म्हणूनच त्याच डिस्कवर नवे विंडोज टाकले तर आठ-पंधरा दिवस बरे वाटेल आणि मग गाडे पुन्हा मूळ पदावर येईल.

तथापि ‘मधूनच अर्धा मिनिट गोठते’ हे लक्षण मला निव्वळ मंदपणाचे वाटत नाही. एखादा भाग नीट वाचता आला नाही की डिस्क तोच भाग पुनःपुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते आणि तोवर बाकी सगळे ताटकळते. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम चालवून त्यातील ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळींपुढचे शेवटचे आकडे येथे लिहा. ०५ म्हणजे खराब ठरवून बदललेले भाग, सी५ म्हणजे संशयित म्हणून बाजूला नोंदवलेले भाग आणि सी६ म्हणजे वाचता न आलेले भाग. सी७ मात्र डिस्कचा नव्हे, तर बहुधा तिच्या वायरचा दोष दाखवते. ती संख्या वाढत असेल, तर डिस्क मदरबोर्डला जोडणारी शंभरेक रुपयांची साटा वायर बदलून काम भागते आणि एवढ्या चर्चेची गरजच उरत नाही.

तोवर डिस्क तपासून दुरुस्त करण्याची विंडोजमधील सोय वापरू नका. डिस्क खरोखरच आजारी असेल, तर संपूर्ण तपासणीच्या ताणानेच ती मान टाकू शकते. आधी प्रत काढावी, उपचार नंतर.

बिनखर्ची

वरील प्रतिसाद योग्य असेल, परंतु सरळ खर्चाकडे जाण्याआधी घरच्या घरी करता येण्यासारखे पुष्कळ आहे. माझ्या आईच्या, याच पिढीच्या संगणकावर दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू होते. एक विकत घेतलेला, ज्याची मुदत संपून दोन वर्षे झाली होती, आणि दुसरा कुठल्यातरी प्रोग्रामबरोबर आगंतुकासारखा आलेला. दोन्ही काढून विंडोजचा स्वतःचा डिफेंडर ठेवला आणि टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ पानावरील बाराच्या बारा नोंदी बंद केल्या, तेव्हा सुरू होण्याचा वेळ जवळपास निम्मा झाला. ‘डिस्क क्लीनअप’मधून मागील विंडोजची शिल्लक प्रत काढल्याने वीस जीबी मोकळे झाले, ते वेगळेच. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर विंडोजला रॅमची भर काढायलाही जागा उरत नाही. मात्र ‘रजिस्ट्री (विंडोजच्या अंतर्गत नोंदींचा साठा) स्वच्छ करा, वेग वाढवा’ असे सांगणाऱ्या फुकट प्रोग्रामांच्या वाटेला जाऊ नये. त्यांनी वेग वाढलेला मी पाहिलेला नाही, आणि रजिस्ट्रीतील एखादी गरजेची नोंद उडाली तर चालू प्रोग्राम बंद पडतात.

शिवाय झाकण उघडून धूळ काढावी. ज्या पेटीला आपण सर्रास ‘सीपीयू’ म्हणतो, तिच्यातील खऱ्या सीपीयूवरचा, म्हणजे प्रोसेसरवरचा, पंखा तेरा वर्षांत एकदाही पुसला नसेल, तर त्याच्या पात्यांखाली धुळीचा नमदा तयार झालेला असतो. वीज पूर्ण बंद करून, पंखा बोटाने धरून, मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने धूळ उडवावी. पंखा मोकळा सोडून हवा मारल्यास तो भलत्या वेगाने फिरून बिघडतो.

जोडणीवाला

@बिनखर्ची, धुळीचा मुद्दा पूर्णपणे मान्य. त्यात एवढीच भर घालतो की या इंटेल पंख्याला चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात आणि त्यातली एखादी सैल पडली की प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो. सफाई करताना चारही खुंट्या दाबून पाहाव्यात. पंखा काढलाच, तर वाळलेला थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारा लेप) पुसून नवा लावल्याखेरीज तो परत बसवू नये.

परंतु सरांच्या संगणकात प्रोसेसर कमी वापरला जात असल्याने उष्णता हे मुख्य कारण असावे असे मला वाटत नाही. स्टार्टअपच्या नोंदी बंद करणे चांगलेच आहे. मात्र आज डिस्कचे आकडे कळेपर्यंत मोठ्या फाइली पुसणे किंवा प्रोग्राम काढणे, म्हणजे डिस्कवर नव्याने लिहायला लावणारे काहीही, मी टाळीन.

अक्षरजुळणी

सर, मी पुण्यात गेली बावीस वर्षे अक्षरजुळणीचे काम करते, म्हणून फक्त आपल्या अंकांपुरते लिहिते.

शिवाजी, कृतिदेव, सुरेख किंवा श्रीलिपीचे क्रमांकवाले फाँट यांत मराठी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फाइलमध्ये प्रत्यक्षात साठते ते इंग्रजी अक्षरांचे कडबोळे. त्यावर फाँट चढला की ते मराठी दिसते. फाँट गेला तर फाइल शाबूत असूनही वाचता येत नाही, आणि पुष्कळ लोक अशा वेळी ‘फाइल करप्ट झाली’ म्हणून ती पुसून टाकतात. एका संस्थेच्या स्मरणिकेची अशी पुसलेली फाइल पुन्हा पूर्ण टंकावी लागली होती, म्हणून हे मुद्दाम सांगते.

म्हणून मजकुराच्या प्रतीबरोबर सी ड्राइव्हमधील ‘विंडोज’ या फोल्डरातला ‘फाँट्स’ हा संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. कोणते लागतील याची निवड करत बसू नका, सगळेच घ्या. एरवीही त्यांचा आकार फार नसतो. विंडोज १० मध्ये केवळ स्वतःच्या खात्यापुरते बसवलेले फाँट आपल्या नावाच्या फोल्डरात, ‘ॲपडेटा’च्या आत ‘लोकल’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’ असे जात गेल्यावर दुसऱ्या ‘फाँट्स’ फोल्डरात असतात. तेही विसरू नका. त्यानंतर संगणक चालू आहे तोवरच प्रत्येक अंक उघडून त्याची पीडीएफ करून ठेवा, कारण पीडीएफमध्ये फाँट आत बांधला जातो आणि तो अंक कोणत्याही यंत्रावर जसाच्या तसा दिसतो. पेजमेकरमधून थेट होत नसेल, तर ‘प्रिंट’मध्ये छपाईयंत्राऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडा.

आपण टंकलेखनाचा जो मराठी प्रोग्राम वापरता, त्याला यूएसबीत खुपसायची किल्ली, म्हणजे डोंगल, आहे का? असल्यास त्याची सीडी आणि डोंगल दोन्ही शोधून ठेवा. पुढे ६४-बिट विंडोज टाकल्यास डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा छोटा प्रोग्राम, ६४-बिटचा आणि डिजिटल स्वाक्षरी असलेलाच लागतो. ३२-बिटचा जुना ड्रायव्हर तेथे चालत नाही. पेजमेकर ७ मात्र आमच्याकडे ६४-बिट विंडोज १० वर आजही चालू आहे.

मुक्तप्रणाली

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आय३-२१२० हा दुसऱ्या पिढीचा आहे. तेव्हा विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती टाकावी, असे मी सुचवेन. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा सुधारणा मिळणार आहेत, युनिकोड मराठीसाठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात मिळतो, आणि पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिल्यास डिस्कवरील कशालाही धक्का लागत नाही. पेजमेकर त्यावर थेट चालणार नाही, ही अडचण मात्र खरी.

कृष्णाकाठ

आपणा सर्वांचे आभार. खडू-फळ्यात आयुष्य गेलेल्या माणसाला इतके समजावून कुणी सांगितले नव्हते. क्रिस्टलडिस्कइन्फोने पिवळा रंग दाखवला असून ‘कॉशन’ असे लिहिले आहे. चालू तास ३१,००० च्या आसपास आहेत. ०५ पुढे सगळी शून्ये आहेत, सी५ पुढे शून्यांनंतर शेवटी १०, सी६ पुढे शून्ये आणि सी७ पुढेही शून्ये. दहा हा आकडा फार आहे काय? डोंगल नाही; मी कृतिदेव आणि शिवाजी फाँट वर्डमध्ये थेट वापरतो.

जोडणीवाला

सर, तो दहा नाही, सोळा आहे. हा प्रोग्राम ते आकडे षोडशमान पद्धतीत दाखवतो आणि त्या पद्धतीत १० म्हणजे आपले १६. सोळा भाग संशयित असणे म्हणजे डिस्क आजच बंद पडेल असे नाही, परंतु तिच्यावर नवे विंडोज टाकणे हा पैशांचा आणि वेळेचा अपव्यय ठरेल. फॉरमॅट केला असता तर कदाचित ते भाग बदलले जाऊन रंग पुन्हा निळा, म्हणजे सर्व ठीक असल्याचा, झाला असता, संगणक सुरळीत झाल्यासारखा भासला असता, आणि दुखणे आतल्या आत राहिले असते.

आता क्रमाने सांगतो. आज रात्री फक्त अंकांच्या फाइली आणि दोन्ही फाँट-फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. छायाचित्रे वगैरे त्यानंतर. एखादी फाइल अडकली तर तिच्यामागे लागू नका, ती सोडून पुढच्या घ्या आणि शेवटी तिच्याकडे वळा. सगळे निघाल्यावर ती पेन ड्राइव्ह दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहा. प्रत काढली एवढ्यावर निश्चिंत होऊ नये, ती उघडते का ते पाहावे.

त्यानंतर २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी घ्या. आपला मदरबोर्ड बहुधा एच६१ चिपसेटचा असेल. त्याच्यावर साटाचा दुसऱ्या पिढीचाच वेग मिळतो, म्हणून महागडी, जास्त वेगाची जाहिरात करणारी एसएसडी घेऊन उपयोग नाही. तरीही फरक आपल्याला पहिल्याच दिवशी जाणवेल, कारण अडचण धावण्याच्या वेगाची नसून शोधण्याच्या वेगाची होती. रॅम आणखी ४ जीबी डीडीआर३ घ्यावी, परंतु ती घेताना इंटेलच्या बोर्डावर चालते याची दुकानदाराकडून खात्री करून घ्यावी, कारण केवळ एएमडीच्या बोर्डांवर चालणारी स्वस्त डीडीआर३ रॅमही बाजारात फिरते. आणि येथेच आपले ३२-बिट विंडोज आडवे येते : ते चार जीबींतलीही जेमतेम सव्वातीन-साडेतीन वापरू शकते, तेव्हा वाढवलेली रॅम त्याला दिसणारच नाही. ३२ वरून ६४-बिटवर जायचे तर कोरी स्थापनाच करावी लागते. म्हणजे विंडोज नव्याने टाकावे लागणार हे दुकानदारांचे म्हणणे बरोबरच होते, फक्त ते जुन्या डिस्कवर नव्हे.

स्थापनेपूर्वी जुन्या डिस्कची वायर काढून ठेवा. ती जोडलेली राहिल्यास विंडोज सुरू होण्यासाठी लागणारा भाग कधीकधी तिच्यावरच जाऊन बसतो आणि पुढे ती काढली की संगणक सुरूच होत नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, साटाची पद्धत ‘आयडीई’ असेल तर ती ‘एएचसीआय’ करा, आणि हे स्थापनेच्या आधीच करा, नंतर बदलल्यास निळा पडदा दिसण्याची शक्यता असते. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील मीडिया क्रिएशन टूल निदान ८ जीबीच्या वेगळ्या, कोऱ्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवून देते. त्यात ६४-बिट निवडा. परवान्याचा क्रमांक मागितल्यास ‘माझ्याकडे क्रमांक नाही’ असे निवडून पुढे जा आणि आवृत्ती पूर्वीचीच, होम असेल तर होम, ठेवा. आपल्या विंडोज १० चा परवाना मदरबोर्डाशी जोडलेला असल्याने, मूळ विंडोज ७ अस्सल असेल तर, इंटरनेट जोडताच तो आपोआप लागू होईल.

@मुक्तप्रणाली यांनी मांडलेला आधाराचा मुद्दा महत्त्वाचा आहे, विशेषतः आपण बँकेचे व्यवहार करता म्हणून. सेटिंग्जमधील अद्ययावतीकरणाच्या पानावरून नाव नोंदवल्यास विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा सुधारणा मिळतात. तेवढ्या काळात सर्व अंक युनिकोडमध्ये आले, तर मग मिंटवर जाण्यात आपल्याला पेजमेकरची अडचण उरणार नाही. जुन्या प्रोसेसरवर नियम डावलून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत, परंतु त्या मी आपल्याला सुचवणार नाही. पुढची सुधारणा मिळेलच याची हमी त्यात नसते.

जुनी डिस्क फॉरमॅट न करता, तारीख लिहून, कपाटात ठेवा.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. भाच्याने दिवाणखान्यातच बसून सगळे केले. संगणक आता चाळीस सेकंदांत सुरू होतो, त्यामुळे चहा मात्र गार होत नाही. परवाना आपोआप लागू झाला. बटणाएवढी सीआर२०३२ बॅटरीही बदलली, कारण वीज गेली की घड्याळ मागे जाऊन बँकेचे पान ‘सुरक्षित नाही’ असे सांगत असे. त्याचे मूळ एवढ्याशा बॅटरीत असेल हे लक्षातच आले नव्हते.

सर्व अंक निघाले, फक्त २००९ चा अंक काही केल्या वाचता आला नाही. तीन वेळा प्रयत्न करून सोडून दिला. सुदैवाने वाचनालयात त्याची छापील प्रत आहे, तिच्यावरून मी तो आता युनिकोडमध्ये, इन्स्क्रिप्टवर, नव्याने टंकतो आहे. चौसष्टपैकी अकरा पाने झाली. एक शंका आहे : ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांत माझा र अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि ‘दुसर्या’ असे उमटते. कृतिदेवमध्ये यासाठी वेगळी कळ होती.

अक्षरजुळणी

साधा र न घेता शिफ्ट धरून त्याच कळीवरचा, खाली टिंब असलेला ऱ घ्या, म्हणजे शिफ्ट आणि जे. त्यानंतर डी या कळीवरचा हलंत आणि मग य. ‘ऱ्या’ व्यवस्थित उमटेल. ‘तऱ्हा’साठीही तेच करा, फक्त य ऐवजी ह. झालेल्या अकरा पानांत ‘र्या’ शोधून एकदम बदलू नका, नाहीतर ‘सूर्या’चाही ‘सूऱ्या’ होईल.